कडक दवा

रविवारी सकाळी सोमाजी ओसरीत बसून टाचेच्या भेगांना बिब्याचं तेल लावत होते. सोमाजी म्हणजे माझे यजमान. काडीला चिंधी गुंडाळायची, तेलात बुडवायची आणि नेमकी भेगेच्या आत टेकवायची, बाजूच्या कातडीला लागू द्यायची नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. काडी टेकली की ते दात आवळून 'स्स्स' करतात. त्या दिवशी 'स्स्स' आलंच नाही.

"ऐकतं का वं," ते म्हणाले, "आज आग नाई होऊन राह्यली. टाच थंडगार लागते."

मी चुलीजवळ होते. म्हटलं, "टाच मेली असन तुमची. इतकी वर्सं जाळून राह्यले, आता कायची आग होते?"

"नाई वं. वास पाय ना. हे तं तुयं तेल वाटते."

मी उठून बाटली नाकाला लावली. माका, जास्वंद, मेथी. माझंच तेल होतं, डोक्याला लावायचं. फळीवर तशी दुसरी बाटली नव्हती. कारण आदल्या दिवशी दुपारी अशीच एक तपकिरी बाटली मी प्रफुल कंडक्टरच्या हाती गडचिरोलीला पाठवली होती. माझ्या लेकीला, हर्षाला, डोक्याला लावण्यासाठी.

बिबा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. जंगलातलं काळं, टणक फळ ते. आतली गोडंबी लाडवात घालून खावी आणि वरच्या टरफलातल्या तेलाला हात लावायची हिंमत करू नये. ते काळं, दाट तेल कातडीला लागलं की तिथं आग होते, फोड येतात, सूज चढते. त्याला आम्ही 'बिबा उतला' म्हणतो. काही माणसांना तर बिब्याच्या झाडाखालून गेलं तरी उततो. सोमाजींच्या टाचा म्हणजे बैलाचे खूर, म्हणून त्यांना तो मानवतो. हर्षाचा लहानपणी बिब्याला नुसता हात लागला होता, तर आठ दिवस डोळे उघडले नव्हते.

आणि या रविवारी ती ते तेल कोमट करून डोक्यात जिरवणार होती. त्याहून वाईट म्हणजे, स्वतःच्या आधी दिव्याच्या टाळूवर घालणार होती. दिव्या म्हणजे हर्षाची पोरगी, दहा महिन्यांची. "आधी लेकराची टाळू भर, मंग सोताले लाव," हा माझाच हुकूम होता.

माझ्या तेलाचं मला फार कौतुक होतं, हे कबूल करते. नागभीडजवळच्या आमच्या गावातच नव्हे, आजूबाजूच्या पाच गावांत कुणाचे केस गळायला लागले की "ठमाबाईकडं जाय" असंच म्हणतात. लोखंडी कढईत तिळाचं तेल, त्यात माक्याचा रस, जास्वंदाची पानं, आवळकाठी, मेथी. रस आटून तडतड थांबली की उतरवायचं आणि तीन दिवस त्याच कढईत झाकून ठेवायचं, की काळंभोर होतं. नुसतं तेल देऊन मी कुणाला सोडत नाही. कोमट करून लावा, नखं नको, बोटांची पेरं फिरवा. ओले केस विंचरू नका, आवळून बांधू नका. रिठा-शिकेकाईनं धुवा आणि पंच्यानं खसाखसा पुसू नका. जवस-तिळाची चटणी रोज ताटात पाहिजे, कारण पोटाला दिलं नाही तर डोक्यावर काय उगवणार? एवढं सगळं ऐकल्याशिवाय माझ्याकडून बाटली मिळत नाही. लोक हसतात, पण ऐकतात.

बाळंतपणानंतर हर्षाचे केस मूठ-मूठ गळायला लागले, तेव्हापासून दर महिन्याला मी तिला बाटली पाठवत होते. ती गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. रविवारी तिची सुट्टी असते, म्हणून दर रविवारी माझा फोन जायचा. "लावलं का?" "लावलं." "कोमट केलं का?" "केलं." एकही रविवार मी चुकवला नव्हता.

तिनंच मला एकदा सांगितलं होतं, "आई, बाटल्यायवर कागद चिपकव. दोनी तेलं काळी, दोनी बाटल्या सारख्या." मी म्हटलं होतं, "मले नाकानं वाचता येते." शनिवारी बस फाट्यावर उभी राहून हॉर्न देत होती. फळीवरून बाटली घेतली आणि धावले. त्या घाईत नाक काय वाचणार?

सोमाजींच्या बटनाच्या फोनवरून हर्षाला फोन लावला. घंटी पूर्ण वाजली, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दोन घंट्या वाजल्या आणि तिनं कापला.

"कापला," मी म्हणाले. "मंजे फोन हातात हाय तिच्या."

"कामात असन," सोमाजी म्हणाले.

"कामात मंजे कोनत्या कामात?" मी ओरडलेच. साडेसात वाजले होते. घरचं आटोपून ती नऊ-साडेनऊला डोक्याला तेल लावायला बसते, असं तिनंच मला सांगितलेलं. जावयाला, अश्वजितला, फोन लावला. त्यांची नोकरी भामरागडकडे. फोन क्षेत्राच्या बाहेर होता, तो तिकडं नेहमीच बाहेर असतो.

सोमाजींना म्हटलं, "तुमी फोन लावतच राहा, थांबू नका," आणि होते त्या लुगड्यावर फाट्याकडे धावले. पावणेआठची बस मिळाली. कंडक्टर प्रफुलच होता. मला पाहून हसला. "जय भीम, ठमाबाई. आज सोताच?"

"कालची बाटली देल्ली का रे बाबू तू?"

"देल्ली ना. स्टँडवर हर्षाताईच्या हातात देल्ली. मनलं, तुमच्या मायकडून परसाद आला."

कुठंतरी मला आशा होती की बाटली फुटली असेल, बसमध्ये राहिली असेल. तीही गेली. मी त्याला काय झालं ते सांगितलं. पोरगा समजदार, चेहरा उतरला त्याचा. त्यानं स्वतःच्या मोठ्या फोनवरून हर्षाला लिहून पाठवलं, 'तेल लावू नका, त्यात बिबा आहे.' मग फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "पोचला मेसेज, पन पायला नाई अजून. पायला का ह्या खुना निळ्या होतेत." त्याच्या नंबरवरून फोनही केला. अनोळखी नंबर, तिनं उचलला नाही.

ब्रम्हपुरीपर्यंत मी त्या खुणांकडेच पाहत होते. मध्ये रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी इतकी सावकाश जात होती की मला खाली उतरून तिला ढकलावंसं वाटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरगी बिमार हाय का?" मी तिच्यावरच खेकसले, "बिमार नाई, मी बिमार करून राह्यली तिले." ती बिचारी खिडकीकडे वळली.

आरमोरीला प्रफुल जवळ आला. "बाई, पत्ता सांगा. डेपोतला मानूस पाठवतो घरी." मला पत्ता काय येत होता? बोरीच्या झाडापासून दुसरी गल्ली, पिवळं घर. त्यानं तसंच फोनवर सांगितलं. थोड्या वेळानं तिकडून उत्तर आलं की बोरी दोन आहेत आणि पिवळी घरं पुष्कळ. नऊ वाजून गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर ती कोमट वाटी होती, आणि दिव्याची ती मऊ टाळू, जिच्याखाली जीव धकधकताना दिसतो. मी किती भित्री आहे हे मला त्या दिवशी कळलं. रडू येत नव्हतं, नुसते दात वाजत होते.

गडचिरोलीला दहा वाजता उतरले आणि आटोरिक्षा केली. हर्षाच्या दाराची कडी मी इतक्या जोरात वाजवली की समोरचं दार आधी उघडलं. मग हर्षा आली. कडेवर दिव्या. पोरीचं डोकं कोरडं, जावळ भुरभुर उडत होतं. मी आधी तिची टाळू हुंगली. साबणाचा वास आला.

आणि मग मी लेकीकडे पाहिलं. हर्षाचे केस मानेपर्यंत कापलेले होते. कोरडे, मोकळे, दुकानातल्या शाम्पूच्या वासाचे.

"आता पायायले येतं का तू?" ती म्हणाली. "फोन पुरला नाई तं घरी येऊन तपासतं?"

"बाटली कुठी हाय?"

"आई, माह्यं ऐक. मले ड्युटीवर टोपी घालावी लागते, लेकरू हाय, मले नाई जमत ते तासभर. कापले मी. तुले सांगतलं असतं तं तू..."

"हर्षा, बाटली कुठी हाय? बिबा हाय त्याच्यात. बाबाचा बिबा."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग खाली बसलीच, दिव्याला छातीशी धरून. "मी नाई लावत, आई," ती म्हणाली. "सात महिन्यांपासून नाई लावत. दिव्यालेबी नाई."

"मंग दर रविवारी मले..."

"खोटं सांगत होती. तुया फोन घेतला का 'लावलं का' याच्याबिगर दुसरं वाक्य नसते. कशी हायेस, झोपलीस का, काई नाई. मनून आज कापला मी फोन."

खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला नाही. लेकीनं आपलं ऐकलं नाही याचा एवढा आनंद कुठल्या आईला झाला नसेल. मी तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि तिथंच रडले. वाईट वाटायचं होतं, ते नंतर वाटणारच होतं.

पण बाटली काही सापडेना. "फेकली का?" मी विचारलं.

हर्षानं पायात चप्पल सरकवली. "मंगलीले देल्ली," ती म्हणाली. "काल सांजच्यालेच. सगळ्या बाटल्या तिलेच देते मी."

मंगली म्हणजे दिव्याला सांभाळायला येणारी बाई. धानोऱ्याकडच्या गावातली, गोंड घरातली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, डोक्यावरचा पदर कधी न काढणारी. का काढत नाही ते आता हर्षानं चालता चालता सांगितलं. तिच्या डोक्यात चाई पडली होती, तीन ठिकाणी, सफाचट. गावात लोक नाही नाही ते बोलायचे. हर्षानं डॉक्टरला दाखवून मलम दिलं आणि माझं तेलही दिलं. मंगलीनं मलम मधेच सोडलं, तेल सोडलं नाही. दोन चट्टे भरून आले. "आपोआपबी येतेत केस, आई. पन ती मानत नाई. ती मनते ठमाबाईच्या हाताले गुन हाय." दर रविवारी सकाळी, मी सांगितलेलं सगळं मंगली करत होती. कोमट तेल, बोटांची पेरं, जवसाची चटणी. माझे हुकूम हर्षा ऐकून घ्यायची आणि पाळायची मंगली.

"तिले फोन कर."

"रिचार्ज संपला हाय तिचा. तू चाल."

मंगलीची खोली मागच्या वस्तीत, चालत पाच मिनिटं. दिव्या हर्षाच्या कडेवर हिंदकळत होती, तिला गंमत वाटत होती. मी तर धावतच होते, या वयात.

मंगली अंगणात खाटेवर बसली होती, मान खाली घालून. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरलेली. मला पाहून उठली, पदर ओढून घेतला. "जोहार, बाई. तुमी इथी?"

"तेल लावलं का?"

"लावलं ना. सूर्य उगवला तवाच."

हर्षानं दिव्याला माझ्याकडे दिलं आणि मंगलीचा पदर मागं सारला. मागच्या बाजूला, कानाच्या वर, चाईचा चट्टा होता. तो चट्टा राहिला नव्हता. तिथं लालबुंद सूज होती आणि तिच्यावर पाण्याचे फोड. एक ओघळ मानेपर्यंत गेला होता आणि त्याच्या वाटेनंही कातडी सुजलेली. आधीच्या दोन चट्ट्यांवर मात्र केस आले होते. बोटभर, दाट, काळेभोर. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हर्षा नर्स आहे, ती बोलत बसली नाही. खोबऱ्याच्या तेलात कापूस भिजवून तिनं हलक्या हातानं आधी ते काळं टिपलं, मग साबणाच्या पाण्यानं धुवायला घेतलं. "हे झालं का सरळ दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

मंगली मात्र डोकं मागं ओढत होती. "धुवू नका ना, ताई. पयलं बाईले पुसा. दवा निघून जाईन."

"दवा?" मी म्हणाले. "मंगली, हे बिबा हाय. तुले वळखू नाई आला?"

"वळखला ना जी." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "झाकन खोलल्याबरोबर वळखला. जंगलातली मी, मले बिबा नाई वळखू येनार? मनून तं काडीनं लावला, बाजूनं खोबऱ्याचं तेल लावून. तरी एक थेंब वाहलाच."

"मंग लावला कायले?"

"तुमी पाठवला मनून. चाईले बिबा लावतेत, माही आजी लावे. दोन चट्टे गेले तुमच्या तेलानं, तिसरा अडून बसला. मले वाटलं, आता बाईनं कडक दवा पाठवली." तिनं खालचा ओठ दातांत धरला, मग सोडला. "लय आग होते. पन मी हात नाई लावला. तीन-चार घंटे झाले, हलली नाई जागची."

हर्षाचा हात थांबला. ती माझ्याकडे पाहत होती.

मी चुकले असं मी कधी म्हणत नाही. नवऱ्याला म्हटलं नाही, सासूला म्हटलं नाही, पोरीला तर नाहीच. आणि इथं मंगलीनं स्वतःच मला वाट काढून दिली होती. कडक दवा. दोन शब्दांत माझं नाव वाचत होतं, पाच गावांतलं. वरून मी स्वतःला समजावलंसुद्धा, की तिलाही बरंच वाटेल, सोसल्याचं काहीतरी मिळालं असं वाटेल. हर्षा आईची लाज काढणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "कडक होती थोडी."

हर्षानं मान दुसरीकडे वळवली. मंगलीचा चेहरा मात्र उजळला, इतक्या वेदनेत. "मले वाटलंच," ती म्हणाली. "मंग उद्या अजून एक डाव लावते. अन् उरलेली बाटली बहिनीकडं धाडते, बाई, चालन ना? तिच्या पोरीले चाई पडली हाय. पाच वर्साची हाय पोरगी, शाळेत पोरं चिडवतेत. दुपारच्या गाडीनं मानूस जाऊन राह्यला गावाले, मी बांधून ठेवली."

खाटेखाली फडक्यात बांधलेली बाटली होती. माझीच तपकिरी बाटली, पाऊणच्या वर भरलेली.

दिव्या माझ्या कडेवर होती. तिनं माझ्या तोंडात बोट घातलं. मी ते बाजूला केलं. वाकून बाटली उचलली आणि पदरात घट्ट बांधली.

"नाई धाडायची," मी म्हणाले. "मंगली, मी आता खोटं बोलली. हे दवा नोहे. बुढ्याच्या टाचेले लावायचा बिबा हाय. बाटल्या सारख्या होत्या, माही चूक झाली. मी पायलं नाई. माह्या हातानं चुकीची बाटली पाठवली."

एवढं एका दमात बोलले, कारण थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

हर्षा पाणी ओतत होती, ते मंगलीच्या कानावरून, मानेवरून खाली ओघळत होतं. तिनं बोट फोडाजवळ नेलं, पण लावलं नाही. रडली नाही, रागावलीही नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मंग सकाळपासून मी हे उगाच सोसलं का, बाई?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "उगाच."

तिनं मान हलवली आणि डोकं पुढं झुकवलं. हर्षानं तांब्या पुन्हा भरला.